अन्वर, तुझा वाटा मी उचलला

अन्वर, निकाल आधी सांगणार नाही. तुला तो आधी सांगितलेला कधीच खपायचा नाही. टीव्हीवर जुना सामना लागलेला असताना कुणी स्कोअर बोलून गेलं, की तू भरल्या ताटावरून उठायचास. मग शबानाभाभी माझ्याकडे बघून म्हणायच्या, तुम्हीच बोलला असाल. बहुतेक वेळा मीच असायचो. तेव्हा आता नीट बस, पहिल्यापासून ऐक आणि मध्ये बोलू नकोस. मध्ये न बोलण्याची ही तुझी पहिलीच वेळ, आणि खरं सांगू का, मला ती अजिबात आवडलेली नाही.

आपला खेळ कुणाला समजावून सांगायला गेलं की आपण सहाजण खुळे वाटतो. दर हिवाळ्यात मैदानावर साखळी सामने होतात, त्यात शहरातले आणि आसपासचे संघ येतात. आपण साठीला आलेले सहाजण सुभाषच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात, क्रांती चौकात, मागच्या खोलीत जमतो आणि त्या सगळ्या संघांतले खेळाडू आपसात वाटून घेतो. एकानं एक उचलायचा, मग दुसऱ्यानं दुसरा. एकदा कुणी उचलला की तो बाकीच्यांना नाही. त्या खेळाडूंना यातलं काही ठाऊक नसतं. ते बिचारे आपापल्या संघासाठी पळतात, आणि त्यांनी मारलेल्या गोलांवरून इकडे आपण एकमेकांची उणीदुणी काढतो. रुखसारनं एकदा तुला मोबाइलवर दाखवलं, की अब्बा, याला फँटसी फुटबॉल म्हणतात, सगळी दुनिया खेळते, या उचलाउचलीला ड्राफ्ट म्हणतात. तुला केवढा राग आला होता. "चोरलं साल्यांनी," म्हणालास, आणि त्या दिवशी लेकीशी धड बोलला नाहीस.

आपण त्याला वाटणी म्हणत होतो. शब्द मी आणलेला. आमच्या घरात शेताच्या वाटण्या मी लहानपणापासून पाहिलेल्या. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. त्यावरूनच आपला नियम आला, की गेल्या वर्षी जो शेवटून पहिला, त्यानं यंदा सगळ्यांत आधी उचलायचं. हा नियम तुझ्याइतका दुसऱ्या कुणाच्याच उपयोगी पडला नाही. वर्षानुवर्षं पहिला हात तुझाच.

तुझे अब्बा काळाचे दोनच भाग करायचे, निजामावर झालेल्या पोलीस ॲक्शनच्या आधीचा आणि नंतरचा. आपलेही दोनच होते, वाटणीच्या आधीचा महिना आणि उरलेलं वर्ष. त्या महिन्यात आपण सहाही जण चोर व्हायचो. सरावाच्या वेळी मैदानाला वळसा घालून जायचं, आणि कुणी दिसलं की भाजी घ्यायला निघालो होतो म्हणायचं. प्रत्येकाच्या डोक्यात आपापली क्रमवारी असायची, पहिला कोण, दुसरा कोण. ती फुटू नये म्हणून सख्ख्या बायकोलाही सांगायची नाही. सुभाष तर झोपेत बडबडतो म्हणून त्या महिन्यात वेगळ्या खोलीत झोपायचा, असं त्याची बायको सांगते.

तुझी क्रमवारी मात्र सगळ्या गावाला माहीत होती. पहिला गोलकीपर. दरवर्षी, काहीही होवो. आम्ही फॉरवर्डसाठी टपलेले, आणि तू सगळ्यांत आधी हात घालून कीपर उचलून मिशीत हसायचास. मग हरायचास. कीपरला गुण मिळणार कुठून? गोल मारणाऱ्याच्या नावावर गुण पडतात, अडवणाऱ्याच्या नावावर शिव्या. हे मी तुला कॉलेजपासून सांगत आलो. मी डावीकडून पळणारा, तू गोलात उभा. मी म्हणायचो, खेळ पुढं असतो. तू म्हणायचास, "पुढं तमाशा असतो दिन्या, खेळ मागं असतो." आपलं हे भांडण चाळीस वर्षं चाललं आणि त्यात कुणी एक इंच हललं नाही.

एकदाच तू त्याचं कारण सांगितलंस. शहागंजमधल्या आपल्या हॉटेलात, चहा बशीत ओतता ओतता. लहानपणी गल्लीत संघ पाडताना दोन कप्तान आळीपाळीनं पोरं उचलायचे आणि सगळ्यांत शेवटी तू उरायचास. उरलेल्याला गोलात उभं करायचं, अशी रीतच होती. "म्हणून कीपरला उरलेल्यात उचलायचं नाही," एवढंच म्हणालास आणि विषय बदललास. पण माझं मत काही बदललं नाही. तू जसा होतास तसा मला लई आवडायचास, फुटबॉलमध्ये मात्र तू चुकत होतास.

तुझी मागणी एकच होती. एकही गोल न खाता सामना काढला, तर कीपरला गोलाइतकेच गुण द्या. दरवर्षी तू ती मांडायचास, दरवर्षी मत पडायचं, आणि दरवर्षी माझा हात विरोधात वर जायचा. गेल्या वर्षी मात्र तू चिडून चपला घालायला लागलास. मग मीच तोडगा काढला, की बाबा, प्रत्येक अडवलेल्या फटक्याला एक गुण घे, पण बस. तो यंदापासून लागू म्हणून मंजूर झाला. मला वाटलं, तेवढ्यावर तुझं समाधान झालं. तू गप्प बसलास, आणि ते गप्प बसणं वर्षभर टिकलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आणि तो दुसरा नियम, तुझाच. एका वर्षी सुभाष टायफॉइडनं पडला होता, तेव्हा त्याच्या वतीनं मी खेळाडू उचलले. दोस्त म्हणून जीव लावून उचलले, आणि त्याचा संघ असा सोज्वळ निघाला की कुणी कुणाला धक्काही देईना. तेव्हा तू ठरवून टाकलंस, की गैरहजर भावाचा वाटा त्याच्या दुश्मनानं उचलायचा. "दोस्त लाड में आ जाता," तू म्हणालास, "दुश्मनाला माणूस पाठ असतो." सगळ्यांना पटलं. तुझा दुश्मन मी आणि माझा तू, हे वेगळं ठरवावं लागलं नाही.

आई दवाखान्यात होती त्या वर्षी माझा वाटा तू उचललास. मी तिथं नव्हतो, पण सुभाषनं नंतर नक्कल करून दाखवलं, तू कसा शिव्या देत देत एकामागून एक फॉरवर्ड उचलत होतास, आणि कीपर सगळ्यांत शेवटी, नाक मुरडून. त्या वर्षी मी पहिला आलो. तू आईला भेटायला आलास तेव्हा म्हणालास, "तेरे जैसा सोचना पडा रे. दो दिन सिर दुख्या." अन्वर, माझ्यासाठी इतकं कुणी केलेलं नाही. मी तेव्हा तुला हसून उडवून लावलं. आता म्हणतो. तू ऐकतोयस असं धरून म्हणतो.

आपण शेवटचे भेटलो तेही शहागंजलाच. तू सारखा गालातल्या गालात हसत होतास. मी विचारलं, यंदा पहिला कोण, छावणीचा कीपर की रेल्वे कॉलनीचा? तू बशी खाली ठेवलीस. "नहीं बताता. वाटणीला बघ. तोंडात बोट घालशील." मी पुष्कळ खोदून पाहिलं. तू दाद दिली नाहीस. त्याच आठवड्यात पहाटे रुखसारचा फोन आला. पुढचं मी सांगत नाही, तू होतासच तिथं. एवढंच की कबरीत माती टाकताना माझ्या मनात पहिला विचार आला तो, याच्या डोक्यात कोण होता? मला माझीच लाज वाटली. मग वाटलं, तू असतास तर तूही हेच केलं असतंस.

यंदा वाटणी करायची की नाही ते ठरवायला आम्ही पाचजण जमलो. सुभाष म्हणाला, यंदा राहू द्या. दुसरा म्हणाला, अन्वरभाईंच्या नावानं यंदा पाचच संघ खेळवू. सगळे चांगल्या मनानंच बोलत होते, पण माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, गैरहजर माणसाचा नियम आहे. त्यावर सुभाष हळूच म्हणाला, अरे दिनकर, गेलेला माणूस गैरहजर धरायचा का? यावर आम्ही पाच शहाणे तासभर भांडलो. तू असतास तर आणखी तासभर गेला असता. शेवटी ठरलं की भाभींना विचारायचं.

भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर घरातच काढायच्या त्या चार महिन्यांत, म्हणून पडद्याआडून बोलल्या. मी चाचरत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हिस्सा छोडना नक्को, दिनकरभाई. छोडे तो उनो वहाँ से झगडा करते बैठेंगे." मी विचारलं, तो कुणाचं नाव बोलला होता का? नाही म्हणाल्या. काही लिहून ठेवायचा तुझा स्वभावच नव्हता. एवढंच बोलला होतास म्हणे, की या वेळी दिनकरचं तोंड बघण्यासारखं होईल.

म्हणजे तुझा वाटा मला उचलायचा होता, पहिला हात तुझाच होता आणि तुझ्या मनात कोण ते मला माहीत नव्हतं. चुकीचा उचलला असता तर लोकांनी काही म्हटलं नसतं. पण तू मला दुश्मन नेमलं होतंस. चाळीस वर्षं भांडून मला तू पाठ नसशील, तर मग आपण केलं काय इतकी वर्षं?

मी दोन दिवस मैदानाच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. छावणीचा कीपर पाहिला. उंच, देखणा. रेल्वे कॉलनीचा पाहिला. दोघंही चांगले, पण त्यांच्यासाठी मी तोंडात बोट घातलं नसतं. मग मी उलटीकडून लागलो. तू गप्प बसलास केव्हापासून? माझ्या तोडग्यापासून. अडवलेल्या फटक्याला एक गुण. आता चांगल्या संघाच्या कीपरकडे फटके येतात किती? तो तर सामनाभर कमरेवर हात ठेवून उभा. फटके येतात पडक्या संघाच्या कीपरकडे. ज्याच्या पुढचे दहाही कच्चे, त्याच्यावर सामनाभर गोळीबार. चार गोल खाईल, पण दहा अडवेल. आणि गोल खाल्ल्याचे गुण कापायचे, असा नियम आपण केलेलाच नव्हता.

यंदा सगळ्यांत पडका संघ कोणता? पाचोडचा. पहिल्यांदाच आलेला. आणि विमा एजंटचं काम तू कधीच सोडलेलं असताना, वर्षभर दर बाजारच्या दिवशी तू पाचोडला का जात होतास? मी विचारलं की म्हणायचास, तिकडची भाजी ताजी असते.

मी त्या कट्ट्यावर एकटाच मोठ्यांदा हसलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नियम मी केला आणि त्यात बीळ पाडून तू आत बसलास.

वाटणीच्या दिवशी मी पहिलं नाव घेतलं, अन्वरच्या वतीनं, गणेश, पाचोडचा कीपर. खोलीत असा हशा पिकला की पुढच्या दुकानातलं गिऱ्हाईक डोकावून गेलं. यंदाचा सगळ्यांचा पहिला नंबर छावणीचा फॉरवर्ड विकी होता, यात वाद नव्हता. तुझ्यानंतरचा हात माझा, म्हणजे आता तो मला मिळणार. एकजण म्हणालाच, वा दिनकरराव, ताकाला जाऊन भांडं लपवता होय. मी ऐकून घेतलं. सुभाषनं मला बाजूला घेऊन समजावलं, की अरे वेड्या, पाचोडच्या कीपरला कोण विचारतंय, तो शेवटपर्यंत पडून राहील. आत्ता अन्वरसाठी विकी घे आणि कीपर उरलेल्यात उचल. हिशेबानं त्याचं खरं होतं.

मी म्हणालो, "अन्वर कीपरला उरलेल्यात उचलत नाही."

सुभाषनं फळ्यावर तुझ्या नावाखाली गणेशचं नाव लिहिलं, आणि माझ्या नावाखाली विकीचं.

सामने सुरू झाले. पाचोडनं पहिल्याच दिवशी सपाटून मार खाल्ला, आणि संध्याकाळी सुभाष फळ्यावर गुण मांडताना खडू हातात धरून थांबला. गणेशचे गुण सगळ्यांत जास्त. दुसऱ्या सामन्यातही तेच. तिसऱ्यापासून हसणारे हसेनासे झाले. बुटका माणूस, दोन लेकरांचा बाप, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला. पण गोलात उभा राहिला की तोंड बंद नाही. "ए बाबा, डावं धर की, डावं! झोपला व्हय?" पुढचे दहाजण घामाघूम होऊन त्याचं ऐकायचे आणि तरी गोल व्हायचा. तो चेंडू उचलून फेकायचा आणि पुन्हा ओरडायला लागायचा. तुझ्यासारखाच, फक्त मिशी नव्हती.

इकडे माझा विकीही गोल मारत सुटला होता. साखळीचा शेवटचा सामना आला तेव्हा फळ्यावर तू आणि मी असे शेजारी शेजारी होतो. आणि शेवटचा सामना कुणाचा? छावणी आणि पाचोड. तुझा माणूस गोलात, माझा माणूस पुढं. आपलं सगळं आयुष्यभराचं भांडण कुणीतरी मैदानावर आखून ठेवावं, तसं झालं.

विकीनं गोल केले. गणेशनं फटके अडवले. सुभाष खिशातल्या कागदावर गुण मांडत होता आणि आम्हाला ओरडून सांगत होता, आता दिनकर पुढं, आता अन्वर पुढं. लोक बघायला लागले, हा अन्वर नावाचा खेळाडू कोणता म्हणून. शिटी व्हायला थोडाच वेळ उरला आणि पाचोडच्या कुणीतरी आपल्याच गोलासमोर चेंडूला हात लावला. पेनल्टी. सुभाष माझ्याजवळ आला. "गेला तर तू, अडला तर तो," म्हणाला.

खोटं बोलणार नाही अन्वर, मला विकीचा गोल हवा होता. जन्मभर मी त्या बाजूनंच पळालो. पण माझे पाय कधी चालायला लागले ते मला कळलं नाही, आणि मी जाऊन उभा राहिलो तो गोलच्या मागं, जाळीला लागून, जिथं तू प्रत्येक सामन्यात उभा राहायचास आणि मी तुला हसायचो. तिथून मैदान वेगळंच दिसतं. पुढं सगळं मोकळं आणि मध्ये एकटा माणूस. मारणारा केवढा मोठा दिसतो तिथून. हे तू मला कधी का सांगितलं नाहीस? का सांगितलंस, आणि मी ऐकलं नाही?

विकीनं चेंडू माझ्या उजव्या हाताला मारला. गणेश तिकडेच झेपावला. चेंडू हाताला लागून खांबावर आपटला, परत आला आणि त्यानं तो पोटाखाली दाबून धरला.

मी ओरडलो. माझ्या संघाविरुद्ध, माझ्या चाळीस वर्षांच्या मताविरुद्ध, जाळी दोन्ही हातांनी हलवत ओरडलो. सुभाष पळत आला आणि त्यानं मला मिठी मारली, आणि आम्ही दोघं म्हातारे तिथं उभ्यानं रडलो आणि हसलो. अन्वर, तू जिंकलास. वर्षानुवर्षं शेवटी राहिलेला माणूस पहिला आलास, आणि हरवलंस कुणाला, तर मला.

सामना संपल्यावर मी गणेशला भेटायला गेलो. तो गुडघ्यावरची माती झाडत होता. मी शहरातला, इथला जुना खेळाडू म्हणून ओळख सांगितली. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "ते विमावाले चाचा नाय आले का हो? दर बाजारला येऊन माझ्या गोलमागं बसायचे."

मी त्याच्या शेजारी खाली बसलो.

"म्हनायचे, शहरात एकजण तुला पयल्या नंबरला उचलनार हाय. मला काय कळलं नाय ते. पर बरं वाटायचं ऐकून." तो थोडं लाजला. "उचललं का हो कुणी?"

"उचललं," मी म्हणालो. "सगळ्यांत आधी तुलाच उचललं."

मग मी त्याला तुझं सांगितलं. त्यानं हातातला मोजा खाली ठेवला.

परवा तुझा चाळिसावा दिवस झाला. जेवणं उरकल्यावर तुझ्याच ओट्यावर आम्ही पाचजण बसलो. जिंकलेल्यानं पुढच्या वर्षासाठी एक नियम करायचा, त्यावर मत घ्यायचं नाही, हा आपला जुना रिवाज तू कधी वापरूच शकला नव्हतास. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तुझ्या वतीनं सांगितलं, एकही गोल न खाता सामना काढला तर कीपरला गोलाइतकेच गुण. आणि मग माझ्या स्वतःच्या वतीनं हात वर केला आणि विरोध नोंदवला. सुभाष म्हणाला, अरे मत नाही घ्यायचं यावर. मी म्हणालो, माहीत आहे. पण त्यानं वाट बघितली असती माझ्या हाताची.

आतून भाभी म्हणाल्या, "देख्या? मैं बोली थी ना, झगडा करेंगे."

तुझ्या त्या नियमामुळं खेळाचं वाटोळं होणार, हे माझं म्हणणं कायम आहे. पण नियम झाला. यंदा तू पहिला आलास, म्हणजे पुढच्या वर्षी तुझा हात सगळ्यांत शेवटी. उरलेल्यात काय असेल ते तुला मिळेल. घाबरू नकोस. शेवटी उरलेल्याला गोलात कसं उभं करायचं आणि त्याच्या मागं कुठं उभं राहायचं, ते आता मला माहीत झालंय.